बक्रमची व्हॅनिटी

माझ्या हातून आजवर कोणाचं माप चुकलेलं नाही. फुशारकी वाटेल, पण वाटू द्या! सव्वीस वर्षं गळ्यात टेप अडकवून उभा आहे. दारातून आत येणाऱ्या माणसाकडे नुसतं पाहिलं तरी त्याची कंबर मला इंचात दिसते, आणि तो कमी करून सांगणार असेल तर तेही दिसतं. दुकानात भिंतीवर मी दोन नियम मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले आहेत. 'माप घेताना बोलू नये.' 'माप देताना पायात पादत्राणे असावीत.' पहिला का, तर बोलणाऱ्याची छाती वरखाली होते. दुसरा का, तर अनवाणी उभं राहून दिलेल्या मापाची पँट बूट घातल्यावर घोट्याच्या वर चढते आणि नाव शिंप्याचं जातं. या नियमांना माझ्याकडे अपवाद नाही. एका मोठ्या साहेबांना मी भर वाक्यात गप्प केलं होतं, आणि कोट अंगात घातल्यावर त्यांनी स्वतःहून माझी पाठ थोपटली होती.

तर असा माणूस स्वतःच्या बाथरूमसाठी व्हॅनिटी करून घ्यायला निघाला, तर त्यात चुकायला जागा होती कुठे?

व्हॅनिटी म्हणजे बेसिन आणि त्याच्याखालचं कपाट. हे नाव आमच्या घरात माझ्या मोठ्या मेहुणीने आणलं. तिने शोरूममधून एक आणून बसवली आणि मग रोज फोनवर तिचे खण कसे सरकतात याचं वर्णन सुरू झालं. नवीन सुनेचंही इतकं कौतुक तिने केलं नव्हतं.

आमच्या घरी मात्र खणांचा प्रश्न नव्हता, उंचीचा होता. माझी बायको चार फूट नऊ इंच. घर ज्याच्याकडून विकत घेतलं तो माणूस ताडमाड, आणि बेसिन त्याने स्वतःच्या सोयीने लावून घेतलेलं. बायको तोंड धुवायला उभी राहिली की हात वर आणि कोपरं खाली. पाणी तोंडावर थोडं आणि मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत जास्त. त्यातून फुल बाही ही माझी खासियत, त्यामुळे तिचे घरातले कपडेसुद्धा फुल बाहीचेच. बाही दुमडावी तर माझा कफ इतका नेटका की तो कोपरापर्यंत चढतच नाही. रोज सकाळी चहा टाकताना तिच्या दोन्ही बाह्या ओल्या असायच्या, आणि थंडीच्या दिवसांत ती शिंकत शिंकतच कामाला लागायची.

मध्यंतरी ती एका बुटक्या स्टुलावर उभी राहून तोंड धुवायला लागली. एका सकाळी स्टूल घसरलं, मनगट मोडलं आणि दीड महिना हात गळ्यात आला. स्टूल त्याच दिवशी भंगारात गेलं. दवाखान्यात बसल्या बसल्या मी तिला शब्द दिला, की बाथरूम नव्याने करू तेव्हा बेसिन तुझ्या मापाचं बसवीन. या गोष्टीला सात वर्षं झाली. सात वर्षांत तिने मला एकदाही आठवण करून दिली नाही, आणि खरं सांगतो, मला तेच जास्त लागायचं.

या वर्षी बाथरूम करायचीच असं ठरलं. बायको म्हणाली, शोरूममध्ये जाऊ, समोर उभं राहून बघू, जी बरी वाटेल ती घेऊ. साधं सरळ म्हणणं होतं. पण रेडिमेड हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा वापरतात. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या शब्दाने पळवली आहेत! तरी तिच्या मनाखातर गेलो.

शोरूममधल्या विक्रेत्याने आम्हाला तीन साइज दाखवल्या. लहान, मध्यम आणि मोठी. रुंदी वेगवेगळी, उंची मात्र सगळ्यांची एकच. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, स्टँडर्ड आहे. मी बायकोला पुढे केलं आणि ही बाई तुम्हाला स्टँडर्ड वाटते का, असं चारचौघांत विचारलं. बायकोला ते फारसं आवडलं नाही. ती माझ्यापासून लांब गेली आणि कोपऱ्यातल्या एका बुटक्या व्हॅनिटीसमोर चपला काढून उभी राहिली. नळ नसलेल्या त्या बेसिनवर तिने हात धुतल्यासारखं केलं, तोंड धुतल्यासारखं केलं, आणि म्हणाली, "अहो, ही बरी आहे की."

विक्रेता म्हणाला, ती लहान मुलांची आहे.

माझा संताप संताप झाला. माझ्या बायकोने, एका टेलरमास्तरच्या बायकोने, लहान मुलांचं रेडिमेड वापरायचं? आणि चांगल्या शोरूममध्ये चपला कशाला काढायच्या, लोक बघतात, हेही मी तिला हळूच सुनावलं. मग टेप गुंडाळून खिशात घातला आणि जाहीर केलं, "आपण शिवून घेऊ." विक्रेता 'काय?' असं विचारेपर्यंत मी दाराबाहेर पडलो होतो.

शिवून घेण्यासाठी सुतार लागतो एवढं मलाही कळत होतं. गावात सगळ्यांत चांगलं काम करणारा मिस्त्री म्हणजे एक वल्लीच. हा माणूस टेप वापरत नाही. प्रत्येक कामासाठी एक नवी काठी घेतो, ती जागेवर उभी-आडवी धरतो आणि पेन्सिलीने तिच्यावर खुणा करतो. काठीवर आकडा एकही नसतो. काम संपेपर्यंत ती काठी त्याच्या काखेत असते, आणि म्हणे त्याचं एकही दार आजवर घासलेलं नाही.

पहिल्याच दिवशी आमची जुंपली. मी टेप काढला, त्याने काठी काढली. मी आकडे सांगत होतो, तो खुणा करत होता. बाथरूमच्या आत एका बाजूला दोन भिंतींमध्ये एक खोबण आहे, व्हॅनिटी तिथेच बसायची होती. जाता जाता त्याने जुन्या बेसिनच्या कडेला काठी टेकवली आणि तिथेही एक खूण करून घेतली. मी म्हटलं, हे कशाला? हे बेसिन तर उद्या फेकायचंय.

"असू द्या मास्तर," तो म्हणाला. "जुनं कुठं होतं ते माहीत असलेलं बरं असतं."

मला हसूच आलं. जुन्या कपड्यावर ठेवून नवा बेतणं हे ज्याला माप घेता येत नाही त्याचं काम, असं मी त्याला ऐकवलं. मागे बायको चहाचे कप घेऊन उभी होती. तिचे सगळे कपडे मी बावीस वर्षं जुन्या कपड्यावर ठेवूनच बेतत आलो आहे. घरचं गिऱ्हाईक, त्याला कुठे टेप लावत बसायचं? पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

शेवटी असं ठरलं की आकडे मी द्यायचे आणि लाकूड त्याने कापायचं. नवं तयार झाल्याशिवाय जुनं काढू नका, असं तो जाताना बजावून गेला. पण एकदा ठरलं की ठरलं हा माझा स्वभाव. दुसऱ्याच दिवशी मी प्लंबरला बोलावून जुनं बेसिन उखडून टाकलं, म्हणजे माघार घ्यायची सोयच राहायला नको. त्या दिवसापासून आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तोंड धुवायला लागलो. मी दाढीही तिथेच करायचो. चौथ्या दिवशी चहाला साबणाचा वास आला, तो मी मुकाट्याने प्यायलो, कारण चूक कुणाची हे कपात दिसत होतं.

मग मी बायकोला माप द्यायला दुकानात बोलावलं. रीतसर, दुपारी चार वाजता. ती वेळेवर आली. केस नीट विंचरलेले, बाहेर जायचा चांगला ड्रेस, पायात लग्नसमारंभाला घालते त्या टाचेच्या चपला. मी वहीत तिच्या नावाचं नवीन पान काढलं आणि टेप झटकला. ती चपला काढायला वाकली.

"चपला पायातच," मी म्हणालो. "नियम दुसरा."

"पण अहो, बाथरूममध्ये..."

"नियम पहिला."

ती गप्प उभी राहिली. मी मापं घेत गेलो. खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, मान वाकवल्यावर नाक कुठे येतं तेही. सगळ्यांत महत्त्वाचं माप म्हणजे कोपरापासून जमीन, ते भरलं अडतीस इंच. कोपराच्या चार इंच खाली बेसिनची कड आली की पाणी बाहीत शिरत नाही, हे मी आठ दिवस बादली आणि टेबल घेऊन प्रयोग करून काढलं होतं. अडतीसातून चार गेले, राहिले चौतीस. मी आकडा वहीत लिहून त्याच्याभोवती गोल केला. बायको दोन्ही हात पसरून आरशात बघत होती, आणि माप संपलं हे मी सांगितल्यावरही ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

आता ट्रायलशिवाय मी कात्री लावत नाही, मग ती कोणाची का असेना. मी कोटाच्या आत घालतात ते जाड बक्रम घेतलं, त्याला कॅनव्हासचं अस्तर लावलं, पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले आणि अख्खी व्हॅनिटी उभी केली. खण खडूने आखले. मुठींच्या जागी कोटाची बटणं लावली. चौतीस इंच उंचीवर ती भिंतीला टाचली तेव्हा मलाच इतकं बरं वाटलं, की मी दोन पावलं मागे जाऊन बराच वेळ बघत राहिलो.

गिऱ्हाइकांनी मात्र तीन दिवस डोकं खाल्लं. एका बाईंनी हा कपडा कोणत्या मापाच्या माणसाचा आहे, असं काळजीने विचारलं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका पँट न्यायला आले होते, त्यांनी खणाच्या बटणाला हात लावून बघितला, कापड आवडलं असं म्हणाले आणि यात आपल्यालाही एक जाकीट शिवून मिळेल का, अशी चौकशी केली. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, ही माझ्या बायकोची आहे. त्यानंतर लोक माझ्याकडे जरा जपून बघायला लागले.

ट्रायलच्या दिवशी बायको त्याच टाचेच्या चपला घालून आली. नियमच तसा! बक्रमच्या बेसिनसमोर उभी राहिली, ओंजळ केली, तोंडाशी नेली. कोपरं जागच्या जागी! मनगट खाली, कोपर वर, पाणी असतं तर सरळ बेसिनमध्ये पडलं असतं. मला आनंदाने ओरडायचं होतं, पण माझ्या तोंडात सहा टाचण्या होत्या.

तेवढ्यात मिस्त्री काठी घेऊन आला. त्याने काठी बक्रमच्या शेजारी उभी केली आणि कडेपाशी खूण करायला पेन्सिल टेकवली. मग पेन्सिल तशीच धरून त्याने काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत काठीकडे बघितलं.

"मास्तर, एक विचारू का?"

मी तोंडातल्या टाचण्यांसकट भिंतीकडे बोट दाखवलं. त्याने पहिला नियम सावकाश वाचला आणि पेन्सिल कानावर ठेवली. बायकोनेही काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, तिने ते मिटलं. टाचण्या काढल्यावर मीच त्याला ठणकावून सांगितलं, की उंची हीच, एक सूतही वरखाली करायचं नाही. तो बरं म्हणाला. रुंदीचा आकडा मी वहीतून उतरवून त्याला चिठ्ठीवर दिला, आणि ती चिठ्ठी घेऊन तो गेला.

दोन आठवड्यांनी व्हॅनिटी आली. काय सांगू! सागवानी रंग, वर करडा दगड, त्यात पांढरंशुभ्र बेसिन. चौघांनी उचलून आणली. बाथरूमच्या दारातून आत गेली आणि खोबणीपाशी अडकली. तिरकी करून बघितली, उचलून बघितली, एकाने खांदा लावून बघितला. जाईना.

मिस्त्रीने काठी आडवी धरली. खोबण छत्तीस इंच. व्हॅनिटी साडेसदतीस.

"आकडा तुमचाच आहे मास्तर," तो म्हणाला आणि खिशातून चिठ्ठी काढली. माझंच अक्षर, साडेसदतीस. मी वही उघडली, तिथेही साडेसदतीसच होतं. वहीत रुंदीचं कोणतंही माप लिहिताना मी दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण इंच माया धरूनच लिहितो. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवतात ते जास्तीचं कापड, पुढे माणूस सुटला तर उसवून सैल करता येतं. हाताला इतकी सवय, की व्हॅनिटीलाही माया धरली गेली होती.

"ते आत दुमडायचं होतं," मी हळू आवाजात म्हणालो.

मिस्त्रीने लाकडावर बोटाने टकटक केलं. "दुमडून दाखवा," तो म्हणाला.

इथे दुसरा कोणी असता तर खचला असता. मी म्हटलं, व्हॅनिटी मोठी झाली ना, मग खोबण मोठी करू! प्लंबरला ही कल्पना इतकी आवडली की तो छिन्नी घेऊनच उभा होता. दोन दिवस दोन्ही भिंती पाऊण पाऊण इंच कोरल्या. नव्या लावलेल्या फरश्यांपैकी अकरा फुटल्या. फरशीवाला म्हणाला, या नक्षीचा माल बंद झालाय, शेवटचा खोका आहे. तो सगळा खोका आमच्याकडे लागला. बायको हे सगळं स्वयंपाकघरातून बघत होती, आणि दर थोड्या वेळाने भांड्यांवर बसलेली धूळ पुसत होती. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी व्हॅनिटी आत सरकली आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट भरून पक्की झाली. दगड, नळ, खण, सगळं जागच्या जागी. मिस्त्रीने तिच्यावर तळहात ठेवला आणि म्हणाला, आता ही निघाली तर भिंतीसकटच निघेल. मला तो आशीर्वादच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला मान बायकोचा होता. ती आत गेली आणि मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा राहिलो. सात वर्षं या दोन मिनिटांसाठी थांबलो होतो. आत नळाचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. दार उघडलं. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते.

"छान झालीये हो," ती म्हणाली. "खण तर काय हलके सरकतात!"

टॉवेल न घेताच ती स्वयंपाकघराकडे गेली. मी खाली बघितलं. बाथरूमच्या दारापासून ओट्यापर्यंत फरशीवर थेंबांच्या दोन ओळी गेल्या होत्या, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. मी त्या ओळींच्या मागून गेलो. ती माझ्याकडे पाठ करून चहा टाकत होती आणि दोन्ही कफांच्या बटणांवरून पाणी ठिबकत होतं. मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, नळ नवीन आहे, सवय होईल.

मी टेप घेऊन आत गेलो. फरशी ते कड, बरोबर चौतीस. मग पाणी कोपरात शिरतंच कसं? मी मिस्त्रीला फोन करून ताबडतोब बोलावलं, आणि येताना काठी आण म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या टेपवर दुसऱ्याचं मत हवं होतं.

तो आला, काठी बेसिनला लावली. खूण कडेला तंतोतंत भिडली. मी म्हटलं, बघ, बरोबर आहे. तो कानामागे खाजवत राहिला.

"मास्तर, ही खूण नव्या बेसिनची नाही," तो शेवटी म्हणाला. "पहिल्या दिवशीची आहे. जुन्याची. तुमच्या दुकानात नवी खूण करायला गेलो, तर ती हिच्यावरच आली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"विचारणार होतो. तुम्ही भिंतीकडे बोट दाखवलंत. वर म्हणालात, एक सूत हलवायचं नाही. मला वाटलं, तुम्हाला ती उंची आवडते, तक्रार खणांचीच असेल."

मी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसलो. दोन भिंती कोरल्या, अकरा फरश्या फोडल्या, साबणाचा चहा प्यायलो, आणि बेसिन होतं तिथेच होतं! पण माप चुकणं शक्यच नव्हतं. कोपरापासून जमीन अडतीस इंच, मी स्वतः दोनदा घेतलं होतं. बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्या कोपराकडे बघितलं आणि नजर खाली खाली आणत जमिनीपर्यंत आणली. ओल्या फरशीवर तिची दोन अनवाणी पावलं होती.

टाचेच्या चपला अडीच इंचांच्या. बाथरूममध्ये त्या ती घालत नाही. कोणीच घालत नाही. मीही तेव्हा अनवाणीच बसलो होतो.

"तुला कळलं होतं?" मी विचारलं.

"चपला काढत होते ना मी."

"मग नंतर सांगायचंस! घरी सांगायचंस, जेवताना सांगायचंस. तिथे कुठे नियम रंगवलेत?"

ती ओल्या कफाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "सांगणार होते. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझं माप घेतलंत. माझ्या नावाचं पान केलंत वहीत. मला इतकं बरं वाटलं, की म्हटलं होऊ दे पुरं. बेसिनचं काय, इतकी वर्षं निभावलंच की."

मिस्त्री एकदम खणांची तपासणी करायला लागला. मला लाज वाटली. कोणत्याही गिऱ्हाइकासमोर वाटली नव्हती इतकी वाटली. आणि लाज वाटली की मला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं, हा माझा जुना दोष. मी उभा राहिलो आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता काढू, अडीच इंच खाली घेऊ, शब्द म्हणजे शब्द! मिस्त्रीने आठवण करून दिली की ती भिंतीसकट निघेल, आणि फरशीचा शेवटचा खोका संपलाय. मी म्हटलं, दुसऱ्या नक्षीच्या लावू. मी म्हटलं, वेळ पडली तर सगळी बाथरूम परत करू. प्लंबरचा नंबरही लावला.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"या घरात परत हातोडा येणार नाही," ती म्हणाली. मोठ्या आवाजात नाही, पण मी बावीस वर्षांत तिचा तो आवाज दोनदाच ऐकला होता. "तुम्हाला करायचंच असेल ना काही, तर माझ्या बाह्या आखूड करून द्या."

मी तिच्या ओल्या कफांकडे बघितलं. बेसिन आधीच्या मालकाने उंच लावलं होतं, ते खरं. पण बाह्या? बाह्या मी शिवल्या होत्या. एकूण एक, फुल, नेटक्या कफाच्या! सात वर्षं मी त्या बेसिनला शिव्या देत होतो, आणि जी गोष्ट माझ्या कात्रीच्या टोकाशी होती ती मला एकदाही दिसली नव्हती.

त्याच दुपारी ती दुकानात आली. आल्या आल्या तिने चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, आणि मी काही बोललो नाही.

"बोललेलं चालेल का?" तिने विचारलं.

"बोल."

मग ती बोलली! हात सरळ धरला तर बाही कुठे येते, तोंड धुताना हात कसा वाकतो, ओट्यावर काम करताना काय टोचतं, डाव्या खांद्याला कोणता ड्रेस काचतो, त्या मेहुणीच्या व्हॅनिटीचा एक खण आता अडकायला लागलाय, सगळं. माप पाच वेळा हललं, मी सहा वेळा घेतलं. वहीतलं तिचं पान भरलं आणि मागच्या पानावर गेलं. संध्याकाळी बसून मी तिच्या नऊ कपड्यांच्या अठरा बाह्या कोपराच्या वर कापल्या.

माप अचूक आलं, हे वेगळं सांगायला नकोच. आता बाहीला पाण्याचा एक थेंब लागत नाही आणि सकाळी घरात शिंक ऐकू येत नाही. दुकानातल्या दुसऱ्या नियमावर मी सध्या एक मोठं कॅलेंडर लटकवलंय. एवढंच झालंय, की पूर्वी जे पाणी बाही प्यायची ते आता तिच्या कोपरांवरून थेट फरशीवर पडतं, आणि ती परत घसरू नये म्हणून रोज सकाळी फरशी पुसायचं काम माझ्याकडे आलंय. फडकी भरपूर आहेत, कापलेल्या बाह्याच वापरतो. पिळताना कफ हातात इतका छान बसतो म्हणून सांगू! फिटिंगला नाव ठेवायला जागा नाही.